चार बोटं डावीकडे

आमच्या घरची सहल मी आखली की ती यशस्वी होतेच! हे मी स्वतः सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. रामटेकला नेलं तेव्हा रामटेकचं देऊळ जागेवर सापडलं. खिंडसीला नेलं तेव्हा तलावात पाणी होतं. याहून चोख नियोजन म्हणजे आणखी काय असतं?

तर यंदा भर उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. म्हणजे अधिक महिना. या महिन्यात जावयाला देव मानून घरी बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, अनारसे देतात, आणि तो परत जाईपर्यंत घरातली माणसं श्वाससुद्धा त्याला विचारून घेतात. माझ्या बहिणीच्या, अदितीच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. त्यामुळे आमचे जावई अगदी कोरे, घडी न मोडलेले! सौरवभाऊजी. नागपुरातच, जरीपटक्यात त्यांचं पडदे-चादरींचं दुकान आहे. माणूस इतका सज्जन, की पन्नास चादरी उलगडून गिऱ्हाईक तसंच निघालं, तरी हे दारापर्यंत सोडायला जातात.

मी जाहीर केलं, "पंचेचाळीस डिग्रीत घरी बसून धोंडे खाण्यापेक्षा पारशिवनीकडे जाऊ. नेमबाजी करू, आणि धोंडे तिथंच खाऊ!"

यामागे माझा एक हेतू होता. बाबा!

माझे बाबा, म्हणजे गिरिधरराव, कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. कॉलेजात असताना ते एनसीसीमध्ये जबरदस्त नेमबाज होते, असं आम्ही तीस वर्षं ऐकत आलोय. फक्त बाबांकडूनच. पदकही होतं म्हणे, पण ते घर बदलताना हरवलं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट सापडेना की ती 'घर बदलताना' हरवलेली असते, त्यामुळे मी आणि अदिती "हो बाबा" म्हणून पुढची पोळी मागायचो. पण बाबांचे एनसीसीतले दोस्त नत्थूकाका यांनी आता आपल्या शेतात छर्‍याच्या बंदुकीची रेंज काढली होती. ते कळल्यापासून बाबा हॉलमध्ये झाडू खांद्याला लावून, एक डोळा मिटून पंख्यावर नेम धरत होते. त्यांना आयुष्यात एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, पोरांच्या डोळ्यांसमोर दहाच्या गोलात गोळी!

निघायच्या सकाळी भाऊजी बाहेर बूट घालत होते, तेवढ्यात आईनं आम्हाला स्वयंपाकघरात ओढलं.

"एक ध्यानात ठेवा," ती कुजबुजली. "जावईबापूंले कोणी हरवायचं नाही!"

बाबांच्या हातातला झाडू पडला. "म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्याहून कमी मारायचं."

"अवं, पण मी तीस वर्षांपासून..."

"तीस वर्षं थांबले ना? मग अजून एक महिना थांबा! दिवाळीत काय झालं, विसरले? या ऋषीनं कॅरममध्ये हरवलं, तं जावईबापू दोन दिवस तोंड उघडून बोलले नाही."

"आई, त्याची दाढ दुखून राहिली होती!" अदिती म्हणाली.

"दाढ काहून दुखली? हरले म्हणून!"

या वैद्यकीय निष्कर्षानंतर बाबांनी झाडू उचलून कोपऱ्यात ठेवला. अदितीनं तरी एक प्रयत्न केला. "पण मी काहून हरू? नवरा आहे माझा, देव नाही."

"या महिन्यात देवच आहे. पुढच्या महिन्यात तुझं तू पाहून घे!"

गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले. उमेदवारी अर्ज बाद झालेल्या माणसासारखे.

नत्थूकाकांची रेंज म्हणजे आंब्याच्या झाडांमागे एक लांब टिनाचं शेड. एका टोकाला सतरंजी आणि दोन राक्षसी कूलर, दुसऱ्या टोकाला लाकडी पाटी, तिच्यावर पोस्टकार्डाएवढा कागद, कागदावर गोल. पाटीच्या मागे मातीचा बांध. बंदुका तीन होत्या, पण दोन दुरुस्तीला गेल्या होत्या. डोळ्यावर हा मोठा काळा चष्मा लावून नत्थूकाका दुरूनच ओरडले.

"गिरिधर! अबे, आलास का! बापू, तुमचे सासरे म्हणजे आमच्या बॅचचा वाघ होता! याचा नेम पाहून हवालदार रडला होता गा!"

मी आणि अदितीनं एकमेकांकडे पाहिलं. दोघा दोस्तांनी फोनवर ठरवून घेतलं असणार.

"तुम्ही नाही का मारत, काका?" भाऊजींनी विचारलं.

"मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं ना नुकतं. डॉक्टरनं सांगतलं, नेम धरायचा नाही. म्हणून मी आता फक्त बंदुकीची तब्येत पाहतो."

हे वाक्य तेव्हा फार निरुपद्रवी वाटलं होतं.

मानाप्रमाणे पहिली पाळी जावयाची. आईनं त्यांना कुंकू लावलं, सतरंजीवर घरून आणलेली गादी टाकली, गादीवर चादर टाकली, आणि एक कूलर पूर्ण त्यांच्याकडे फिरवला. भाऊजी आडवे झाले. चादरीचा कोपरा चिमटीत धरून त्यांनी आधी तिचं सूत तपासलं, मग बंदूक उचलली.

पहिला छर्रा टिनाला लागला. टण्ण! दुसरा कुठे गेला ते अजून कुणाला माहीत नाही. तिसरा बांधावरच्या एरंडाच्या पानातून आरपार. चौथ्याच्या वेळी बंदुकीत छर्रा भरायचाच राहिला होता, तरी आई म्हणाली, "वा!" पाचवा मात्र कागदाच्या कोपऱ्याला, अगदी बाहेरच्या गोलाला चाटून गेला.

"एक गुण!" नत्थूकाकांनी निकाल दिला.

आईनं टाळ्या वाजवल्या आणि भाऊजींच्या तोंडात अख्खा अनारसा कोंबला. आता कामाची रूपरेषा स्पष्ट झाली. बाकीच्यांनी शून्य आणायचं!

मग अदिती. तिला हरायचं नव्हतं, पण आई मागे उभी राहून घसा खाकरत होती. अदितीनं रागारागात नळी थोडी खाली केली आणि घोडा ओढला. पाटीच्या पायाशी सावलीला ठेवलेला माठ फुटला. तुम्ही नागपुरात उन्हाळा काढला असेल, तर थंडगार माठ फुटल्याचं दुःख मी वेगळं सांगायला नको.

"बाई, माठ काहून मारला वं?" नत्थूकाका कळवळले.

"चुकून," अदिती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती खरं बोलत असावी असं तिच्या तोंडावरून वाटलं. ते खोटं होतं. उरलेले चार छर्रे तिनं मातीच्या बांधात घातले आणि शून्य घेऊन परतली.

मग बाबा.

बाबा आडवे झाले आणि एकदम दुसरेच कुणीतरी झाले. घरी बल्ब बदलताना ज्यांचे हात लटपटतात, ते हेच का? खांदा बंदुकीला असा चिकटला, जणू बंदूक अंगातूनच उगवली आहे. श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबले. तेवढ्यात मागून आईचा खोकला!

बाबांच्या पाठीवरून एक लहर गेली. त्यांनी नळी केसभर सरकवली. मला तेव्हाच कळलं. ते चुकवत होते, पण किती मन लावून! फट. फट. फट. फट. फट.

नत्थूकाका पाटीपाशी गेले आणि कागदाकडे बघतच राहिले. "शून्य? गिरिधर, तू? अबे, पाची गोळ्या कागदाच्या बाहेर! डावीकडे, चार बोटं!"

"होतं कधी कधी," भाऊजी प्रेमानं म्हणाले. "वय असते बाबा."

हा 'वय' शब्द बाबांना लागला. हरायची तयारी होती हो, पण म्हातारं व्हायची नव्हती! ते उठून बसले आणि म्हणाले, "माझं वय नाही. ही बंदूक डावीकडे ओढून राहिली!"

"माझी बंदूक?" नत्थूकाकांनी बंदुकीकडे असं पाहिलं, जसं दहावीत नापास झालेल्या लेकाकडे पाहतात. "पण तू म्हणून राहिला तं खरंच असंल. पाची एकाच जागी आहेत. म्हणजे माणूस नाही चुकला, बंदूकच चुकली!"

एवढं बोलून ते बंदूक घेऊन कोपऱ्यात गेले. माठ फुटल्यामुळे काकांच्या घरातून मठ्ठा मागवला होता, आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो. बाबा तर तोंड धुवायला विहिरीवरच गेले. मी पेल्याच्या कडेवरून पाहिलं, नत्थूकाका पेचकसानं बंदुकीवर काहीतरी पिळत होते. मला वाटलं, तेलपाणी चाललंय.

इकडे भाऊजींच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे! बंदूकच खराब होती? मग माझे चार पण तिच्यामुळेच गेले! काका, मला पुन्हा एक चान्स!"

देवाला नाही कोण म्हणणार? भाऊजी पुन्हा गादीवर आडवे झाले. पाच छर्रे. या वेळी टिनसुद्धा वाजलं नाही.

"शून्य," नत्थूकाका हळूच म्हणाले.

भाऊजींचा चेहरा धुतल्यावर रंग गेलेल्या पडद्यासारखा झाला. आईनं माझं मनगट धरलं. "ऋषी, शून्याहून कमी काय असते रे?"

"उणे."

"ते कसं मारतात?"

"मागे तोंड करून मारावं लागेल, आई."

आईनं क्षणभर खरंच विचार केला. मग तिला रस्ता सुचला. ती बाबांना विहिरीवर गाठून म्हणाली, "तुम्ही पण परत एक शून्य मारा. बरोबरी झाली की त्यांच्या जिवाले बरं वाटंल!"

बाबा निमूटपणे आडवे झाले. तोच खांदा, तोच श्वास. पुन्हा नळी केसभर डावीकडे. इतक्या निष्ठेनं सरकारी कामसुद्धा केलं नसेल त्यांनी! फट, फट, फट, फट, फट.

नत्थूकाका पाटीपाशी गेले. कागद हातात घेतला. काळा चष्मा वर केला, खाली केला. आणि मग हा सत्तरीकडे झुकलेला माणूस कागद डोक्यावर धरून नाचत नाचत आमच्याकडे आला!

"पन्नास! पन्नासपैकी पन्नास! पाची मधात! वाघ, म्हटलं नव्हतं का? वाघ आहे बे हा!"

आईच्या हातातला अनारसा हवेतच थांबला. कूलरसुद्धा हळू झाला. म्हणजे लाइट गेली होती, पण क्षणाला शोभलं.

आई दातांवर दात ठेवून म्हणाली, "काय करून राहिले तुम्ही?"

"अवं, मी चुकवलं होतं!" बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. "देवाशपथ चुकवलं होतं!"

"असं चुकवतात? तीस वर्षं थापा मारल्या ते चाललं. आजच त्या खऱ्या काहून केल्या?"

सगळ्यांनी हळूहळू भाऊजींकडे पाहिलं. ते उठले. त्यांनी चादर झटकली, तिची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा. आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक विहीणबाईंना सांगायचं कारण. भाऊजी चार पावलं चालत बाबांपर्यंत गेले.

आणि धाडकन पायांवर पडले!

"बाबा! क्या बात है! घरात एवढा मोठा नेमबाज आणि मला कुणी सांगितलं नाही? मी लग्नात तुम्हाला नुसतं टॉवेल-टोपीत पाहिलं!"

लगेच त्यांनी फोन काढला. दुकानातल्या पोरांना कागद दाखवला, स्टेटसला बाबांचा फोटो लावला, खाली लिहिलं 'माझे सासरे'. अदिती बाबांकडे अशी बघत होती, जणू तिला जन्म देऊन ते कुठेतरी निघून गेले होते आणि आत्ताच परतले. खरं सांगू? मीही तसाच बघत होतो. तीस वर्षांच्या "हो बाबा"ची मला एकदम लाज वाटली.

बाबांना जे हवं होतं, ते सगळं मिळालं होतं. आणि बाबा? बाबा बंद पडलेल्या कूलरमागे एकटेच जाऊन बसले होते.

"बाबा, काय झालं? पन्नास मारले तुम्ही!"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ऋषी, माझा नेम गेला गा."

"म्हणजे?"

"मी डावीकडे धरली होती. चार बोटं, मोजून. आणि पाची लागल्या मधात. म्हणजे हात चार बोटं हलते माझा! पाचही वेळा तेवढाच!" त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि परक्या माणसाचा असल्यासारखा पाहिला. "मले आता धड चुकवताही नाही येत."

पन्नासपैकी पन्नास गुण मिळवून इतका दुःखी झालेला माणूस मी फक्त आमच्या वर्गात पाहिला होता. मी त्यांचं सांत्वन करणार, एवढ्यात माझ्या डोक्यात तो पेचकस पिळला गेला. तेलपाणी नव्हतं ते! नत्थूकाकांनी नेम धरायची खाचच सरकवली होती! बाबांच्या थापेवर विश्वास ठेवून चांगली बंदूक त्यांनी वाकडी केली होती. म्हणून डावीकडे मारलेलं मधात, आणि भाऊजींसारख्या प्रामाणिक माणसाचं...

"बाबा, ऐका, ती बंदूक..."

"बाबा!" भाऊजी धावत आले. "चला, चला! माझी आई लाइनवर आहे. तिला लाइव्ह दाखवायचं!" आणि त्यांनी बाबांना अक्षरशः उचलून नेलं. फोनच्या पडद्यावर त्यांच्या मातोश्री रंभाबाई होत्या, मागे सगळं दुकान.

"नमस्कार व्याही!" रंभाबाई म्हणाल्या. "आमच्या सौरवनं फार कौतुक सांगितलं!"

आई मला कोपरानं ढोसत म्हणाली, "आता मारू दे त्यांले. विहीणबाई पाहून राहिल्या."

बाबा सतरंजीवर बसले. मी खुणा करत होतो. चार बोटं दाखवत होतो, डावीकडे हात हलवत होतो. बाबांनी मला प्रेमानं हात हलवून उत्तर दिलं. मग आडवे झाले. मागे खोकला नव्हता. नळी कुठेही सरकली नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच बाबा खरोखर, मनापासून, मधोमध नेम धरत होते. फट. फट. फट. फट. फट.

कागद कोरा.

"नेटवर्क गेलं का?" रंभाबाईंनी विचारलं.

बाबा उठले नाहीत, तसेच बंदुकीवर गाल टेकून पडून राहिले. मग नत्थूकाकांनी अख्खी पाटीच खुंटीवरून उतरवली आणि घेऊन आले. कागदाच्या बाहेर, उजवीकडे चार बोटांवर, एक नवं भोक होतं. एकच!

"एक इथं लागली. बाकी चार कुठं गेल्या?" अदितीनं विचारलं.

बाबांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग करंगळी पुढे केली आणि त्या भोकाची कड हळूच चाचपली. कड फाटली होती. एकावर एक, एकावर एक...

"पाची इथंच आहेत," ते म्हणाले. "नत्थू! पाची एकाच भोकात!"

"मीच तं खाच फिरवली होती बे!" नत्थूकाकांनी कपाळावर हात मारला. "तू म्हणाला ना, डावीकडे ओढते म्हणून!"

"तू फिरवली? साल्या, तू फिरवली?" बाबांनी त्यांना मिठी मारली. "म्हणजे हात नाही हलला! ऋषी, हात नाही हलला गा माझा!"

दोन म्हातारे एकमेकांच्या पाठीवर बुक्के मारत हसत होते. भाऊजी टाळ्या वाजवत होते. काय झालं ते त्यांना कळलेलं नव्हतं, पण आनंदात ते कधीच मागे राहत नाहीत. आईनं मात्र शांतपणे पाटीचं निरीक्षण केलं.

"हे भोक कागदाच्या बाहेर आहे ना?"

"हो!" बाबा आनंदानं म्हणाले.

"म्हणजे शून्यच ना?"

"एकदम शून्य!"

"मग झालं! शेवटची फैर शून्य आणि जावईबापूंचा एक. जावईबापू जिंकले!" आणि तिनं भाऊजींच्या तोंडात तुपात बुडवलेला धोंडा सारला. रंभाबाईंनी पलीकडून टाळ्या वाजवल्या. "मी?" भाऊजी तोंडातल्या पुरणातून म्हणाले, आणि लाजले.

मग सगळे जेवायला बसले. नत्थूकाकांनीही बंदूक हातावेगळी करून पान घेतलं. बाबांनी तर ती पाटी मांडीवर घेऊनच जेवण केलं.

आता फक्त माझी पाळी राहिली होती.

आणि इथं मी तुम्हाला सांगतो, त्या शेडमध्ये शास्त्रशुद्ध विचार करणारा मी एकटाच होतो. बंदूक वाकडी आहे हे मला ठाऊक होतं. चार बोटं डावीकडे धरली की दहाच्या गोलात, हे सिद्ध झालेलं होतं! नत्थूकाकांनी खुंटीला दुसरी पाटी टांगली आणि मी ऐटीत आडवा झालो. चार बोटं मोजली. पाचही छर्रे एका दमात झाडले आणि निकालाआधीच उठून हात झटकले.

नत्थूकाका जाऊन आले. "शून्य. पाची डावीकडे."

"असं कसं?" मी ओरडलो. "खाच तर..."

"ते मी जेवायच्या आधीच सरळ करून टाकली ना! आता एकदम बरोबर आहे बंदूक!"

मी तोंड उघडलं. पण त्याआधीच आई माझ्याजवळ आली होती. तिचे डोळे भरून आले होते. तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

"पाहा, कोणी न सांगता!" ती सगळ्यांना म्हणाली. "दिवाळीले लहान होता. आता समजदार झाला माझा ऋषी. जावयाचा मान राखला पोरानं!"

बाबांनी पाटीमागून मला डोळा मारला. जुन्या, तयार चुकवणाऱ्यानं नव्या चुकवणाऱ्याला मारावा तसा.

मी नम्रपणे मान खाली घातली आणि आणखी एक धोंडा मागून घेतला.